मुंबई ते नागपूर: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रवासाचे नियोजन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आईवडील नागपुरात राहतात आणि माझी नोकरी मुंबईत आहे, त्यामुळे या मार्गावर वर्षातून सहा-सात वेळा तरी माझे येणे-जाणे होते. ओळखीच्या लोकांकडून, विशेषतः पहिल्यांदाच विमानाने निघालेल्या ज्येष्ठांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. अंतर आणि वेळ हे दोन आकडे एका ओळीत सांगून होतात; पण ते कुठून कुठपर्यंत मोजले आहेत हे ठाऊक नसेल, तर घरून किती वाजता निघायचे या खऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. म्हणून शक्य तिथे आकड्यासोबत त्यामागचा हिशेबही दिला आहे.

मुंबई आणि नागपूर यांच्यातील हवाई अंतर नेमके किती आहे?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. मैलांत ते ४२५ आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ३६९ भरते. सरळ रेषा म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत जवळची वाट. मुंबई–लंडनसारख्या लांबच्या प्रवासात ही वाट नकाशावर ठळकपणे वाकलेली दिसते, पण मुंबई–नागपूर इतक्या अंतरात नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा आणि ही वाट यांत जवळजवळ फरक पडत नाही.

मग काही ठिकाणी ६९७ किंवा ७०० किलोमीटर असे का लिहिलेले असते?

कारण मोजमापाची टोके वेगळी असतात. विमानतळाऐवजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि नागपूरचा शून्य मैलाचा दगड ही टोके धरली, तर सरळ रेषेतील अंतर सुमारे ६९७ किलोमीटर येते. मुंबईचा विमानतळ शहराच्या दक्षिण टोकापासून बराच उत्तरेला आहे आणि नागपूरचा विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येला, मुंबईकडच्या बाजूस आहे. या दोन्ही गोष्टींमुळे विमानतळांमधील अंतर शहरांमधील अंतरापेक्षा चौदाएक किलोमीटरने कमी होते. ७०१ हा आकडा दिसला तर तो बहुधा समृद्धी महामार्गाच्या लांबीचा असतो. त्याचा हवाई अंतराशी संबंध नाही.

विमानाला किती वेळ लागतो?

थेट आणि विनाथांबा विमानाचा तिकिटावरचा वेळ साधारणपणे १ तास २५ मिनिटे ते १ तास ४५ मिनिटे असतो. प्रत्यक्ष हवेतील वेळ, म्हणजे चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून पुन्हा टेकतात तोपर्यंतचा वेळ, बहुतेक दिवशी १ तास ५ मिनिटे ते सव्वा तास इतका असतो.

या दोन आकड्यांतील वीस-तीस मिनिटांचा फरक अनेकांना खटकतो. तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन पूर्ण थांबते तेव्हा संपतो. त्यात मागे ढकलले जाणे, टॅक्सीमार्गावरून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा तसेच परत येणे हे सगळे धरलेले असते. मुंबईत सकाळी आणि संध्याकाळी या रांगेतच पंधरा-वीस मिनिटे जाऊ शकतात, तर नागपुरात धावपट्टीपासून विमानाच्या जागेपर्यंतचे काम काही मिनिटांत आटोपते.

विमान ताशी आठशे किलोमीटरहून वेगाने जाते, मग ६८३ किलोमीटर पन्नास मिनिटांत का होत नाहीत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर समजले की छोट्या उड्डाणांचे सगळे गणित उलगडते.

या मार्गावर मुख्यतः एअरबस ए३२० किंवा त्याच वर्गातील जेट विमाने उडतात. उंचीवर गेल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. पण हा वेग केवळ मधल्या टप्प्यात मिळतो. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला साधारण वीस मिनिटे लागतात, आणि त्या काळात विमान सुरुवातीला बरेच हळू असते. उतरण्यासाठी वैमानिक एक सोपा ठोकताळा वापरतात: प्रत्येक हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल. ३६,००० फुटांवरून यायचे तर १०८ सागरी मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर आधीपासून उतरायला सुरुवात करावी लागते. नागपूरकडे जाताना दोनशे किलोमीटर आधी म्हणजे अकोल्याच्या पुढे थोडेसेच.

चढणे शिर्डी-छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात संपते आणि उतरणे अकोल्यापुढे सुरू होते. मध्ये समपातळीवर पूर्ण वेगाने जायला जेमतेम तीनशे किलोमीटर, म्हणजे वीस-बावीस मिनिटे उरतात. विमानात खाद्यपदार्थांची गाडी मधल्या रांगेपर्यंत येते न येते तोच पट्टे बांधण्याची सूचना होते, ती याच कारणाने.

त्यात मुंबईची आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. वारा बहुतांश काळ पश्चिमेकडून येत असल्याने मुख्य धावपट्टीवरून विमाने सहसा पश्चिमेकडे, जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर झेपावतात. नागपूर पूर्वेला आहे. त्यामुळे विमान आधी समुद्रावर जाते, वळसा घेते आणि मग सह्याद्रीकडे वळते. या वळशात काही किलोमीटर आणि काही मिनिटे जातात.

जाताना कमी आणि येताना जास्त वेळ लागतो का?

हिवाळ्यात होय, आणि फरक जाणवण्याइतका असतो. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात आणि परतीच्या विमानाला समोरून अडवतात. समजा विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे, तर जमिनीच्या संदर्भात जाताना ९०० आणि येताना ७०० किलोमीटरचा वेग मिळतो. संपूर्ण अंतर याच वेगाने कापले असे धरले तर जायला सुमारे ४६ आणि यायला ५९ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात हा वारा उंचावरच्या टप्प्यातच पूर्ण जोराने भेटतो, त्यामुळे फरक तेरा मिनिटांचा न राहता पाच-सात मिनिटांवर येतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात द्वीपकल्पावर फार उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो, तर खाली नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. त्यामुळे त्या महिन्यांत नागपूरला जाताना मागून ढकलणाऱ्या वाऱ्याचा फायदा सहसा मिळत नाही.

मुंबईला येताना विमान हवेत घिरट्या का घालते?

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि व्यवहारात सगळा भार एका धावपट्टीवर येतो. देशातील सर्वाधिक वर्दळीच्या विमानतळांपैकी एकाचा हा कारभार एका धावपट्टीवर चालतो, हे लक्षात घेतले तर तिथला उशीर कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे होतो असा आरोप करणे अन्यायाचे ठरते. एखादे विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट जास्त घेते आणि मागच्या सगळ्या रांगेला ते भोवते. अशा वेळी नियंत्रण कक्ष येणाऱ्या विमानांना ठरलेल्या ठिकाणी लंबगोलाकार फेऱ्या मारायला सांगतो.

जुलैतल्या एका संध्याकाळी नागपूरहून निघालेले आमचे विमान कसारा-शहापूरच्या वरच्या ढगांत अशा फेऱ्या घालत राहिले. चार फेऱ्या मी मोजल्या. प्रत्येक वळणावर डाव्या खिडकीतून मावळतीचा तांबूस पट्टा यायचा, मग नाहीसा व्हायचा, आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा यायचा. शेजारच्या आजोबांनी घाबरून विचारले की विमानात बिघाड झाला आहे का. तसे काहीही नसते. प्रत्येक विमानात घिरट्या घालण्यासाठी आणि गरज पडल्यास दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी पुरेल इतके जादा इंधन ठेवणे बंधनकारकच आहे. मुंबईत उतरणे अशक्य झाले तर विमान अहमदाबाद, हैदराबाद किंवा गोवा यांसारख्या ठिकाणी वळवले जाते. त्यामुळे मुंबईहून पुढचे आंतरराष्ट्रीय विमान पकडायचे असेल, तर पावसाळ्यात मध्ये चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उशिराची शक्यता कोणत्या काळात सर्वांत जास्त असते?

मुंबईच्या मुसळधार पावसाचे दिवस पहिल्या क्रमांकावर. त्याखालोखाल डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. नागपुरात धुके पडते, पण खरे कारण बरेचदा दिल्लीत असते: एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरे करते, त्यामुळे दिल्लीच्या धुक्यात अडकलेले विमान पुढे मुंबई–नागपूर फेरीलाही उशिरा पोचते. पहाटेचे पहिले विमान सहसा रात्रभर त्याच विमानतळावर उभे असते, म्हणून ते वेळेवर सुटण्याची शक्यता अधिक. शिवाय दुरुस्तीसाठी मुंबईच्या धावपट्ट्या ठराविक दिवशी काही तास बंद ठेवल्या जातात. त्याची घोषणा आधीच होते आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बदलले जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयीही विचारणा होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते आणि विमानाला उड्डाणासाठी जास्त लांब धावावे लागते. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब असल्याने या विमानांना ती पुरते. दुपारी जमीन तापल्यामुळे उतरताना धक्के मात्र बसतात. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी उन्हाळ्यात सकाळी लवकरचे किंवा रात्रीचे विमान घ्यावे.

विमान उशिरा सुटले किंवा रद्द झाले तर काय मिळते?

येथे तिकिटावरच्या वेळेला कायदेशीर महत्त्व येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशांचे हक्क या वेळेनुसार ठरवले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणांना, म्हणजे मुंबई–नागपूरलाही, दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर खाणे-पिणे विनामूल्य मिळाले पाहिजे, मात्र प्रवाशाने वेळेत चेक-इन केलेले असावे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड प्रवाशाची असते.

उड्डाण रद्द झाल्याचे वेळेत कळवले नाही, तर परताव्याव्यतिरिक्त भरपाईचीही तरतूद आहे. एक तासापेक्षा जास्त आणि दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी ती ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हवामान, सुरक्षेचा प्रश्न यांसारखी विमान कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर ही भरपाई मिळत नाही.

एका रात्री सोनेगावला आमचे विमान तीन तास लांबले. काउंटरवरून कोणीही आपण होऊन काही दिले नाही. मी नियमाचा उल्लेख करून शांतपणे विचारले तेव्हा सँडविच आणि पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि त्या मला एकट्याला न देता सगळ्यांना द्याव्यात असे सांगितल्यावर तसे वाटपही झाले. त्या रांगेत मधुमेह असलेल्या एक बाई दुपारपासून उपाशी बसल्या होत्या. हक्क मागायला संकोच करू नये.

थेट विमान आणि थांबा असलेले विमान यांत किती फरक पडतो?

फार मोठा. तिकिटांच्या यादीत दिल्लीमार्गे जाणारे पर्याय कधीकधी स्वस्त दिसतात. मुंबई–दिल्ली सुमारे १,१३५ आणि दिल्ली–नागपूर सुमारे ८५० किलोमीटर, म्हणजे ६८३ किलोमीटरच्या प्रवासासाठी जवळपास दोन हजार किलोमीटर उडावे लागते, आणि मधला थांबा धरून पाच ते नऊ तास जातात. त्यात घरून विमानतळ गाठण्याचा वेळ मिळवला, तर जवळपास तितक्याच वेळात गाडीने समृद्धीवरून नागपूर गाठता येते. थेट विमाने दिवसभरात अनेक असल्याने हा पर्याय घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

नवी मुंबई विमानतळावरून अंतर बदलते का?

थोडे कमी होते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथून नागपूरचे सरळ अंतर सुमारे ६६७ किलोमीटर आहे, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरची बचत, जी हवेत एक-दीड मिनिटाहून अधिक नाही. महत्त्वाचे आहे ते घरापासूनचे अंतर. पनवेल, खारघर, वाशी, उरण येथील लोकांना हा विमानतळ जवळ. बोरिवली किंवा अंधेरीच्या लोकांना तो दूर. तिकीट काढताना कोणता विमानतळ लिहिला आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. सहार येथे, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, पोचल्यावर आपले विमान नवी मुंबईतील उलव्याहून आहे असे कळले, तर ते मिळण्याची आशा सोडावी लागेल. मुंबईच्या जुन्या विमानतळाचेही दोन टर्मिनल आहेत आणि त्यांच्यामध्ये रस्त्याने जावे लागते, तेव्हा टर्मिनलचा क्रमांकही तपासावा.

रेल्वेने आणि रस्त्याने किती अंतर आहे?

रेल्वेने मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटर. गाडी कल्याण, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी खानदेश-वऱ्हाडातून वळसा घेत जाते, म्हणून हवाई अंतरापेक्षा दीडशे किलोमीटर जास्त होतात. कसारा घाट चढण्यासाठी कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. दुरांतोला सुमारे अकरा तास लागतात, विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस यांना त्याहून दोन-तीन तास अधिक.

रस्त्याने पूर्वी नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असे जावे लागे आणि आठशेहून अधिक किलोमीटरच्या त्या प्रवासात पूर्ण दिवस जाई. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाने हे बदलले. नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण लांबी ७०१ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या अगदी जवळ. मोटारींना कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे आणि हा महामार्ग आठ तासांत पार होतो असे सांगितले जाते.

मात्र तो भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो, मुंबईत नाही. तिथून घरापर्यंत पन्नास किलोमीटर किंवा अधिक अंतर ठाणे-भिवंडीच्या वाहतुकीतून काढायचे असते. वाटेत विश्रांती आणि जेवण धरले तर दादरहून धरमपेठेला जायला साडेनऊ ते अकरा तास धरावेत. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी येणे आणि उन्हात टायर फुटणे ही तिथल्या अपघातांची मोठी कारणे आहेत. दर दोन तासांनी थांबा, टायरमधील हवा तपासा, आणि रात्री एकट्याने गाडी चालवू नका.

घरापासून घरापर्यंत विमानाने खरोखर किती वेळ लागतो?

दादर ते धरमपेठ हेच उदाहरण घेऊ. घरून सहारच्या टर्मिनलपर्यंत रस्त्याने पाऊण ते दीड तास. भूमिगत मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून दादरहून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांजवळ मेट्रोने जाता येते आणि हा टप्पा बराच निश्चित झाला आहे. सामान हलके असेल तर मी तोच मार्ग सुचवतो. देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर साधारणपणे ६० मिनिटे आधी बंद होतात आणि विमानात चढण्याचे प्रवेशद्वार वीस-पंचवीस मिनिटे आधी, म्हणून किमान दीड ते दोन तास आधी पोचावे. उड्डाणाचा तिकिटावरचा वेळ १ तास ३५ मिनिटे. नागपुरात सामान मिळायला पंधरा-वीस मिनिटे. सोनेगावहून धरमपेठ रिक्षा किंवा टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटे. बेरीज साडेचार ते जवळपास सहा तास.

सव्वा तासाच्या उड्डाणासाठी पाच तास. तरीही गाडीच्या निम्मा वेळ. रात्रीच्या रेल्वेने मात्र झोपेचे तास प्रवासात जातात आणि दिवस मोकळा मिळतो, त्यामुळे ज्यांना शायिकेवर नीट झोप लागते त्यांच्यासाठी रेल्वे आजही विमानाला तोडीस तोड आहे. माझे वडील विमानाचे तिकीट काढून दिले तरी विदर्भ एक्स्प्रेसच मागतात.

दोन्ही शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही, आकाशात आहे. मुंबईपेक्षा नागपूर सव्वासहा रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशामागे सूर्याला चार मिनिटे लागतात, त्यामुळे नागपुरात सूर्य सरासरी पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मुंबईहून संध्याकाळी उजेडात निघून नागपुरात गडद अंधारात उतरल्यासारखे वाटते त्यामागे हेही एक कारण आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. म्हणजे एके काळी हा प्रश्न रास्तच होता.

पूर्वी हा हवाई प्रवास कसा होता?

नागपूरला भारतीय विमानसेवेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चारही महानगरांना मध्यवर्ती पडणारे दुसरे ठिकाण नव्हते. डाकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास धरला, तर मुंबई–नागपूरला अडीच तास लागत असणार. सोनेगावच्या त्या मध्यरात्रीची एखादी खूण विमानतळावर ठळकपणे मांडली जावी, असे मला मनापासून वाटते.

भाडे कोणत्या दिवसांत वाढते?

दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी तर आहेच. या मार्गाचे आपले असे काही दिवसही आहेत. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते. डिसेंबरातील त्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात सोमवार सकाळची नागपूरला जाणारी आणि शुक्रवार संध्याकाळची मुंबईला येणारी विमाने आधी भरतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर विजयादशमीला लाखो लोक येतात, आणि ६ डिसेंबरला उलट दिशेने, नागपूर-विदर्भातून दादरच्या चैत्यभूमीकडे, तसाच ओघ असतो. या तारखांना प्रवास असेल तर महिना-दीड महिना आधी तिकीट काढावे.

खिडकीची कोणती जागा घ्यावी?

मुंबईहून नागपूरला जाताना उजवीकडची, म्हणजे एफ. येताना डावीकडची, म्हणजे ए. पंखाच्या पुढची किंवा पुरेशी मागची रांग निवडावी.

सरळ रेषा हरिश्चंद्रगडाच्या जवळून आणि जवळजवळ छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते. विमान नेहमी तंतोतंत त्याच रेषेवर नसते, पण फार दूरही नसते. पावसाळा ओसरल्यावर सह्याद्रीचे कडे ओलांडताना हिरव्या पायऱ्यांसारखे थर दिसतात. संभाजीनगरच्या आसपास उजवीकडे दूरवर जायकवाडीचा नाथसागर चमकतो. तिथून घड्याळ लावावे. नऊ-दहा मिनिटांनी, उजव्याच बाजूला तीसएक किलोमीटरवर, लोणार येते.

बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले, १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून किती मोठे दिसते असे मला विचारतात. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरावा. त्या अंगठ्याच्या सुमारे दीडपट रुंद, आणि तिरके पाहत असल्याने उभ्या दिशेने चपटे. कडेला झाडीचा गडद पट्टा, आत हिरवट पाणी, आणि भोवती बुलढाण्याची तपकिरी, चौकोनी शेते. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते. जानेवारीतल्या स्वच्छ सकाळी मी आईला पहिल्यांदा ते दाखवले तेव्हा ती खिडकीला कपाळ टेकवून, विवर पंखाआड जाईपर्यंत पाहत राहिली, आणि तेवढ्यात विमान उतरू लागल्याची घोषणा झाली.